जाणवलेला हादरा

अश्मसखा कंपनी आमच्या टाकळदऱ्याच्या वस्तीत आली आणि तिनं सगळ्यात आधी मारुतीच्या देवळाच्या दाराला तेल घातलं. ते दार माझ्या लग्नाच्या आधीपासून करकरत होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण कंपनीला ते करकरणं सोसेना. डोंगर फोडून खडी करायला आलेल्या लोकांचे कान इतके नाजूक असतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मग संक्रांतीला तिळगूळ आला, पंचमीला घरोघरी लाह्या आल्या. एका पोराच्या मुंजीला कंपनीनं आहेर पाठवला, त्याच्या सख्ख्या मामाने पाठवला नव्हता. डंपर विजेवर चालायचे, मांजरासारखे यायचे जायचे. धूळ म्हणावी तर क्रशरवर मोठी कापडी कमान, वरून पाण्याचं धुकं. आणि सुरुंगाचा तर पत्ताच नाही. जुन्या ठेकेदाराच्या वेळी भोंगा व्हायचा, लाल झेंडा घेऊन एक माणूस शिव्या देत घरोघर फिरायचा, सगळी वस्ती चिंचेखाली जाऊन बसायची आणि चौघं मिळून आमच्या अण्णांना बाजेसकट उचलून न्यायचे. आता भोंगा नाही, झेंडा नाही, शिव्याही नाहीत. डोंगर मात्र रोज थोडा थोडा कमी होत होता, जणू कुणी हळूच चमच्याने खात होतं.

कंपनीला सरकारचं 'आदर्श शेजारी' म्हणून बक्षीस मिळालं. त्या दिवशी आम्हाला जिलेबी होती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते. कंपनी यायच्या आधीच्या उन्हाळ्यात माळ्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते आतल्या खोलीत बाजेवर, आणि मी त्यांच्याभोवती. नवरा गुजरातेत यंत्रावर आहे, सणासुदीला येतो, वडिलांच्या पायाशी बसून रडतो आणि परत जातो. रडायला तो, धुवायला मी, अशी आमची वाटणी आहे.

कंपनीनं वस्तीला फुकट इंटरनेट दिलं होतं. केसाएवढी काचेची तार प्रत्येक घराच्या पायाजवळून पुरली होती. आम्ही तिच्यावर मालिका बघायचो. ती तार आम्हाला बघते हे पुढं कळलं.

झालं असं की मी आठवडी बाजारातून परत आले, तर अण्णांच्या वाकळेवर तळहाताएवढे भिंतीचे पोपडे पडलेले.

"हे कधी झालं?"

"तू फाटकाबाहेर पडलीस की डबल बेल वाजती," अण्णा म्हणाले. "मग गाडी सुटती. सगळी बाज हलती, सूनबाई. पाय असते तर उतरलो असतो."

पुढच्या बाजारालाही तेच. मी दळणाला गेले, तेच. शेजारच्या गोदाक्कांना बोलावून मी भिंतीची चीर दाखवली. गोदाक्का म्हणजे आमच्या आळीचं तोंड. मला सून म्हणून आणल्यावर पहिली भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं, आणि ती फाटल्यावर पहिली शिवीही त्यांनीच घातली. त्यांचा दिगू कंपनीत डंपर चालवतो.

"वैजे, घर जुनं हाय," त्या म्हणाल्या. "सुरुंग उडाला असता तर आम्हाला नसतं का कळलं? काल मी दिवसभर..." आणि त्या थांबल्या. "काल मी कंपनीच्या भजनाला गेलती म्हणा."

माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं ते तिथं. पण नीट कळलं डोळे तपासायच्या शिबिराच्या दिवशी. शिबिर हमरस्त्याच्या मंगल कार्यालयात होतं. कंपनीची बस, कंपनीचा नाश्ता, कर्ण्यावर मोठ्यानं भक्तिगीतं. अख्खी वस्ती गेली होती. तिथं गेल्यावर म्हणाले, जुना चष्मा आणा. मी पायी परत फिरले.

ओढ्याच्या वळणावर आले आणि समोर डोंगराची कड आवाज न करता फुगली. आधी फुगली, मग खचली, आणि मग तो आवाज आला, पोटातून आल्यासारखा. आमच्या घराची कौलं कोंबडीनं पिसं फुलवावीत तशी उठली आणि बसली. वस्तीत एक माणूस नव्हता. म्हणजे एकच होता.

मी पळत आत शिरले. अण्णांनी डोक्यावर पितळेची परात धरली होती. ती सकाळी मी त्यांच्या उशाशी का ठेवून गेले होते ते मला आधी आठवेना. मग आठवलं, त्यांनीच मागून घेतली होती.

"परात कशाला?"

"टोपी," अण्णा म्हणाले. परातीवर कौलांची माती साचली होती.

त्याच पावली मी कंपनीच्या कचेरीत गेले. कचेरीच्या दारात तुळशीचं वृंदावन आणि वर पाटी, 'शेजारी देवो भव'. शेजारधर्म विभागाचे प्रमुख अद्वैतसाहेब खुर्चीवरून उठून सामोरे आले. या माणसाला मी कधीही हात न जोडता पाहिलेलं नव्हतं. जेवताना काय करत असेल देव जाणे.

"ताई, तुम्ही स्वतः आलात! किती बरं वाटलं."

"सुरुंग कोणी उडवला?"

"आम्हीच. रीतसर." त्यांनी मोठा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर आमची वस्ती, घरं हिरवी. "हा आमचा सोबती."

सोबती हे त्यांच्या यंत्राचं नाव. साहेबांनी मला समजावलं, पोराला चंद्र दाखवावा तशा कौतुकानं, आणि खरं सांगायचं तर समजावलं छान. काचेच्या तारेतून प्रकाशाचा एक झोत सोडतात. काच कितीही चोख असली तरी तिच्यात डोळ्याला न दिसणारे कण असतात, त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे येतो. जमीन हलली की तार किंचित ताणते आणि मागे येणारा प्रकाश किंचित बदलतो. कुठल्या जागेचा प्रकाश बदलला ते यंत्र ओळखतं. म्हणजे तारेचा प्रत्येक हात-दोन हाताचा तुकडा हा एक कान झाला. त्या कानांनी वर्षभर आमची पावलं ऐकली. म्हैस कोणती, माणूस कोणतं, उखळ कुठं, धुणं कुठं, सगळं सोबती शिकला. गोदाक्का डाव्या गुडघ्यानं लंगडतात हे त्याला त्यांच्या सुनेच्या आधी कळलं असेल.

"पण कशाला?"

"तुमच्यासाठीच, ताई! नव्या नियमासाठी."

तो नियम असा. पूर्वी जमीन किती हलली ते मोजायचे आणि फार हलली तर खाण बंद करायचे. खाणवाले रडले की ओसाडात जमीन हलली तर कुणाचं काय जातं? मग कुठल्याशा समितीतल्या शिकल्यासवरल्यांनी शोध लावला की जो हादरा कुणाला जाणवला नाही, तो हादराच नाही. आता मोजतात तो जाणवलेला हादरा. जमिनीची थरथर गुणिले घरात असलेली माणसं. घर रिकामं म्हणजे माणसं शून्य, आणि शून्यानं कशालाही गुणलं की काय येतं ते चौथीतलं पोर सांगेल. सुरुंग पेटवणाऱ्या टोप्यांना कुलूप असतं. आवाक्यातलं प्रत्येक घर रिकामं आहे असं सोबतीनं म्हटल्याशिवाय ते उघडत नाही. साहेबालाही उघडता येत नाही, त्याची चावी सरकारकडे.

म्हणून भजन. म्हणून नेत्रशिबिर. म्हणून हळदीकुंकवाला प्रत्येकीला वेगळी गाडी. एवढा लाघवी शेजारी जन्मात बघितला नव्हता, आणि त्याला आमच्याकडून एवढंच हवं होतं की आम्ही घरात नसावं.

"माझ्या घरात अण्णा होते," मी म्हटलं.

साहेबांनी पडद्यावर माझ्या घरावर बोट ठेवलं. "शून्य."

"अहो, बाजेवर आहेत ते!"

"ताई, सोबती मोजतो कसं? उंबऱ्यातून पावलं आत गेली की एक वाढवतो, बाहेर आली की एक कमी करतो. झोपलेलं माणूसही त्यामुळे मोजलं जातं, बरं का. आत गेलंय, बाहेर आलं नाही, म्हणजे आहे." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. "अण्णा आत कधी गेले?"

अण्णा तार पुरायच्या आधीपासून आत होते. दवाखान्यातून त्यांना चौघांनी उचलून आणलं होतं. सोबतीच्या लेखी ते घरात कधी आलेच नव्हते.

"फारच मौल्यवान सूचना दिलीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "आम्ही घरी येतो."

मी वाट बघत बसले नाही. तहसीलला गेले. तिथल्या बाईंनी यंत्रात बघून सांगितलं, "तुमच्या घराचा जाणवलेला हादरा शून्य आहे. शून्याची तक्रार कशी नोंदवू?" त्या काही वाईट नव्हत्या. भिंतीला चीर गेली म्हटल्यावर त्यांनी सिमेंटची एक चांगली जात सुचवली.

आणि कंपनी खरंच घरी आली. साहेब, एक डॉक्टर, आणि सफरचंदांची करंडी. आता घरी आलेल्या माणसाला आपण काय करतो? बसायला दिलं, पाणी दिलं, चहा टाकला. दुधात पाणी न घालता टाकला. आपली ही खोड कंपनीला पुरती माहीत होती. वस्तीतल्या घराघरात त्यांनी दर महिन्याला ओसरीवर बसून हेच केलं होतं. चहा पिऊन विचारायचं, काही त्रास? आणि ज्याच्या घरचा चहा पाहुण्याच्या हातात आहे तो मराठी माणूस म्हणणार, छे, कसला त्रास. गोदाक्का तर गुडघ्यावर हात ठेवून म्हणायच्या. डॉक्टरांच्या गळ्यात एक काळी टिकली असायची, ती सगळं ऐकून सोबतीला सांगायची.

डॉक्टरांनी अण्णांच्या तळपायाला सुई टोचली. "काका, जाणवतं?"

"न्हाय."

पोटरीला. "जाणवतं?"

"न्हाय. पर डोक्यानं समदं जाणवतंय, डॉक्टर."

"छान, छान. एकूण काही त्रास?"

मी दारात उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांच्या हातातल्या कपाकडे बघितलं. "छे, छे. कसला त्रास? चहा घ्या, निवतोय."

संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला. निश्चल रहिवासी एक, संवेदना नाही, त्रास नाही, जाणवलेला हादरा शून्य. म्हणजे कुलपाच्या लेखी घर रिकामंच. खाली हसरा चेहरा.

त्या दिवशी मी अण्णांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. सफरचंदांची करंडी गाईपुढं उलटी केली आणि म्हटलं, "तोंड शिवलं होतं का तुमचं? भिंत अंगावर येईल एक दिवस. मग मीच काढायचं तुम्हाला खालून?"

"दिगू डंपरवर हाय," अण्णा म्हणाले. "मी त्रास म्हणलो तर मी कायम घरात. मी कधी बाहेर पडणार न्हाय. मग खाण कायम बंद. मी पडल्यावर दवाखान्यात रात्री कोण बसलं व्हतं माझ्याजवळ? तुझा नवरा? दिगू बसला व्हता."

मी रिकामी करंडी उचलून ठेवली. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "आणि पाव्हण्याच्या तोंडावर कसं सांगायचं गं?"

मग मी घराबाहेर पडायचं सोडलं. एवढाच इलाज होता, माझी पावलं आत असली की कुलूप उघडायचं नाही. बाजार गोदाक्का आणायच्या. खालच्या अंगाला लहान सुरुंग चालू राहिले, पण वस्तीकडची कडेची दगडी भिंत तशीच उभी राहिली. तीच कंपनीला हवी होती, तिथला दगड काळा, चिवट, वळणरस्त्याच्या कामाला पसंत पडलेला. आणि कंपनी माझ्यावर माया करायला लागली. शिवणकामाचा वर्ग, तालुक्याला. काशीयात्रा. 'कर्तृत्ववान सून' म्हणून सत्कार, तोही तालुक्याला. मी म्हटलं इथंच करा. तर म्हणाले, इथं हॉल नाही. आळीतल्या बायकाही म्हणू लागल्या, वैजू, बाई, जाऊन ये की जरा कुठंतरी, तोंड उतरलंय तुझं. त्यांच्या घरातलं कुणी क्रशरवर होतं, कुणी वजनकाट्यावर. त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलायच्या नाहीत, चुलीकडे बघून बोलायच्या.

अशात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, आशा सोडली होती सगळ्यांनी. बारसं ठरलं. आता बारशाला मामा नसला चालतो, आजी नसली चालते, पण पोरीच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. भावाचा फोन आला, "ताई, तू आली नाहीस तर पोर बिननावाची राहील." हसत म्हणाला, पण मला त्याचं हसणं ठाऊक आहे.

नेमकी बारशाच्याच दिवशी कंपनीनं वस्तीची धरणावर सहल ठरवली. योगायोग फार सोयीचे असतात त्यांच्याकडे. दिगूनं आईला सांगितलं आणि तिनं मला. कड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं पाडून त्यात दारू भरायचं चाललं होतं. इतका मोठा सुरुंग इथं कधी उडाला नव्हता. भरलेली भोकं फार दिवस ठेवता येत नाहीत, ओल धरते. म्हणजे तो बारशाच्याच दिवशी उडणार.

"अण्णांना संगं ने," गोदाक्का म्हणाल्या.

"एवढा रस्ता? पाठीला जखमा आहेत त्यांच्या. आणि घर? परत येऊन कुठं झोपवू?"

त्या भिंतीच्या चिरेकडे बघत होत्या.

"गोदाक्का, तुम्ही बसाल का त्यांच्याजवळ? एक दिवस."

त्यांनी पदरानं नसलेला घाम पुसला. "माझं नाव सहलीत हाय. दिगूनं लिहिलंय." मग उठता उठता म्हणाल्या, "तू जा बारशाला. बघू."

बघू. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तरी हाच शब्द आणि हो म्हणायचं असलं तरी हाच.

सकाळी दारात कंपनीची पांढरी गाडी उभी होती, हार घातलेली. अद्वैतसाहेब स्वतः आले होते, बाळासाठी चांदीचं वाळं घेऊन. "आत्याबाईंना उशीर नको व्हायला."

"तुमची गाडी नको. एसटीनं जाईन."

मी अण्णांची पाठ पुसून दिली, नवी चादर घातली. ते म्हणाले, "जा. पोरगी वाट बघत न्हाय, पर भाऊ बघतोय. आणि काळा मणी घाल तिला माझ्याकडनं." मी उंबरा ओलांडला तेव्हा आळीत सहलीच्या बसमध्ये बायका चढत होत्या. गोदाक्कांचं दार बंद होतं. मी हाक मारली नाही. त्यांनी 'ओ' दिली नसती तर मला परत फिरावं लागलं असतं.

बारशात मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पाळणा हलवला, बायकांनी पाठीत धपाटे घातले, मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं, रेवा. तिचा कान माझ्या अंगठ्याएवढा होता. एवढ्याशा कानात शिरलेला आवाज ती आयुष्यभर वागवणार, आणि तिकडं एवढ्या मोठ्या डोंगराचा आवाज कागदावर शून्य. मला रडू आलं. सगळ्यांना ते आनंदाचं वाटलं. जेवले नाही, तशीच निघाले.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कललं होतं. आधी वर बघितलं. कडा होता. सगळाच्या सगळा होता.

घरात शिरले. आतल्या खोलीत गोदाक्का चालत होत्या. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत, डावा गुडघा धरून, तोंडानं पुटपुटत. अण्णा बाजेवरून म्हणत होते, "पुढं चला, पुढं चला, मधी थांबू नका."

"तुम्ही सकाळपासून चालताय?"

"बसलं आणि मशिनला वाटलं मी गेले, तर? त्याचा काय भरवसा. माझा सोन्यासारखा दादला मला विसरायचा जत्रंत." त्यांनी भिंतीला हात टेकला. "आलता तुझा हात जोडणारा. दुपारी. म्हणला, आजी, बस तुमच्यासाठी थांबवलीय. मी म्हणलं, मला गाडी लागती. म्हणला, खुर्चीवर जरा बाहेर येऊन बसा, ऊन चांगलं पडलंय. मी म्हणलं, मला ऊनही लागतं. मग जवळ आला आन हळू बोलला, मुलाच्या नोकरीचा विचार करा, आजी. तवा मातर हात सोडलं व्हतं त्यानं."

"मग?"

"मग काय. त्याला म्हणलं, चहा न्हाय मिळणार, दूध नासलंय." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "नासलं नव्हतं गं."

अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला पाठीवरून कळलं नाही.

तेवढ्यात दिगू आला. कंपनीचा सदरा काढून खांद्यावर टाकलेला, आत नुसता बनियन. त्याला दुपारीच सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नकोस. कारण काय, तर असहकारी शेजाऱ्याचा नातलग. भोकांत भरलेली दारू पाण्यानं धुवून काढायचं काम चालू झालं होतं, आठवडाभर पुरेल म्हणे. नंतर परत भरतील. परत सहल काढतील. एखादं शिबिर लावतील. शेजारी जिवंत आहे तोवर त्याचा धर्म थोडाच संपतो.

मी दिगूसमोर उभी राहिले. त्याच्या पगारावर घर होतं, त्याची दोन पोरं तालुक्याच्या शाळेत होती. "दिगू..." एवढंच म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. ती एका पायावर भार देऊन उभी होती, घोटे सुजून उंबरासारखे झाले होते.

"आये, बस आता," तो म्हणाला.

"मी बसले तर..."

"मला आता कुठं ड्यूटी हाय? उद्यापासनं मी येतो की."

त्यानं बूट दाराशी काढले, सदरा खुंटीला लावला, आईला धरून बाजेच्या कडेला अण्णांच्या पायाशी बसवलं आणि खोलीत चालायला लागला. जड पावलं, जमिनीला नीट ऐकू जावीत अशी टाकलेली.

उंबऱ्यातून एकदा आत आलं की पुरतं, सोबती मोजून ठेवतो, चालत राहायची काही गरज नसते, हे मला माहीत होतं. साहेबांनीच शिकवलं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही. चूल पेटवली आणि चार माणसांच्या भाकरीचं पीठ परातीत काढलं.